सावडीची कात्री

सफरचंदाच्या झाडावर आगकरपा रोग दिसला की त्याला हात लावायचा नाही, तोडायचा तर मुळीच नाही, नुसता फोन उचलायचा आणि कृषी खात्याला कळवायचं, ही गोष्ट बामगोल गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. पण माणूस घाबरला की जे पाठ असतं तेच आधी विसरतो. त्या शनिवारी सकाळी मियोकच्या नवऱ्यानं तो तोडला, चुलीत घातला, आणि हात धुऊन नाश्त्याला बसला.

दिसला होता मियोकला. सहलीला न्यायला किंबाप, म्हणजे भाताच्या गुंडाळ्या, करायच्या म्हणून ती उजाडता उजाडता बागेच्या कडेच्या वाफ्यात पानं खुडायला गेली होती. तिसऱ्या ओळीतल्या एका सफरचंदाच्या झाडावर हातभर लांबीच्या कोवळ्या शेंड्यानं मान टाकलेली होती. शेंडा काळा पडून छत्रीच्या मुठीसारखा वाकला होता. पानं भाजल्यागत झाली होती, पण एकही गळलं नव्हतं. आणि देठापाशी मधासारखा एक थेंब होता. सरकारी कागदावरच्या चित्रात असतो, अगदी तसाच. ती खुडलेली पानं तिथंच टाकून घराकडे पळाली.

मागल्या साली खिंडीपलीकडच्या गावात एका घरी असाच एक शेंडा निघाला होता. चौथ्या दिवशी तीन पोकलेन आले. लिंबाएवढी फळं लागलेली झाडं मुळासकट उपटली, खड्ड्यात रचली, वर चुना ओतला, आणि संध्याकाळी बाग होती तिथं सपाट माती होती. त्या मातीत आता कैक वर्षं सफरचंद लावायचं नाही, नासपती लावायची नाही. त्या घरची म्हातारी अजून रोज सकाळी टोपी घालून कामाला निघते आणि फाटकातून परत फिरते, असं लोक सांगत.

नवरा, म्हणजे सांगदो, आला, त्यानं शेंडा पाहिला, मग आजूबाजूला पाहिलं. अवजारांच्या खोपटात जाऊन खिळ्यावरची हाताला लागली ती कात्री घेतली, शेंडा कापला, कात्री परत टांगली.

"थंडीनं जळलाय," तो म्हणाला.

"मेमध्ये?"

"एप्रिलात दव गोठलं होतं की."

"मग चुलीत कशाला घातलात, हारिमचे बाबा?"

"हे बघ, झाकली मूठ असू दे," तो हळूच म्हणाला. "आजचा दिवस जाऊ दे. बाबांना त्यांच्या विहीणबाईंना भेटू दे. सोमवारी काय ते बघू."

विहीणबाई म्हणजे एक झाड. तासाभराच्या वाटेवर फळसंशोधन केंद्र होतं, वर्षातून एक दिवस ते लोकांना खुलं असे, आणि यंदा पहिल्यांदाच तिथलं हानबित जातीच्या सफरचंदाचं मूळ झाड लोकांना जवळून बघायला मिळणार होतं. बामगोलच्या सगळ्या बागा त्याच एका झाडाच्या कलमांवर उभ्या. मियोकचे सासरे पोंगसिक यांनी तीस वर्षांपूर्वी बायकोला बरोबर नेऊन त्याची चारशे कलमं ट्रकनं आणली होती. बायको गेली, झाडं राहिली. "मुली माझ्या घरी नांदतात, म्हणजे आई विहीणच की," असं म्हातारा ज्याला त्याला ऐकवायचा. भेटीसाठी त्यानं कालच केस कापून घेतले होते आणि आज कोट चढवला होता.

गाडीत पाच जण होते. सांगदो, मियोक, नऊ वर्षांची हारिम, सासरे, आणि शेजारची वलसुन अक्का. वलसुन साठीची, एकटी राहणारी, मियोक लग्न होऊन गावात आली तेव्हा तिला घोसातली जादा फळं खुडून विरळायला शिकवलं ते हिनंच. फुकट वाटतील ते भरून आणायला तिनं तीन रिकाम्या पिशव्या घेतल्या होत्या.

"दादा, विहिणीला काही आहेर घेतलात का?" वलसुननं पुढच्या सीटकडे वाकून विचारलं.

"मी येतोय हाच आहेर," म्हातारा म्हणाला.

"अगं बाई! म्हणजे रिकाम्या हातानंच निघालात. मुलीकडची माणसं नावं ठेवतील हो."

सगळे हसले. मियोकही हसली, पण तिच्या डोळ्यांपुढून तो मधाचा थेंब हलत नव्हता.

केंद्राच्या फाटकावर मोटारींना ओल्या चटईवरून नेत होते आणि माणसांच्या हातांवर, बुटांवर फवारा मारत होते. पांढऱ्या झग्यातला एक पोरगेला कर्मचारी प्रत्येकाला तेच विचारत होता. घरी फळबाग आहे का? बागेत काही संशयास्पद दिसलं का? बरोबर कात्री, करवत, काही अवजार?

"बाग आहे. बाकी काही नाही," सांगदोनं पटकन सांगितलं.

चोराच्या मनात चांदणं. मियोकला वाटलं, तो आपल्याकडेच बघतोय, आपल्या तोंडावर सगळं लिहिलंय. पण पोरानं मान डोलावून म्हाताऱ्याकडे वळून विचारलं, "आजोबा, कात्री वगैरे?"

"कोट घालून कोण कात्री घेऊन हिंडतं, बाळा?" म्हातारा म्हणाला, आणि पोरगं ओशाळून बाजूला झालं.

आत जत्रा होती. सफरचंदाच्या फोडी, रस, वाफवलेले तांदळाचे केक, मातीत हात घालून रोपं लावणारी मुलं, आणि प्रत्येक टेबलापाशी वलसुन. मियोकला एकही घास गिळवेना. त्यातच हारिम एका मोठ्या चित्रफलकापुढे जाऊन उभी राहिली आणि शाळेत वाचतात तशा खड्या आवाजात वाचू लागली, "शेंडा काळा पडतो. हुकासारखा वाकतो. चिकट थेंब दिसतो. आई! हा बघ! असाच सकाळी बाबांनी..."

मियोकनं हातातला तांदळाचा केक पोरीच्या तोंडात कोंबला. पोर ठसकली, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मियोकनं मागं वळून पाहिलं. फलकाशेजारची संशोधक बाई दुसऱ्या कुणाला तरी समजावत होती. तिच्या छातीवर शिन असं नाव होतं. तिनं ऐकलं नव्हतं, निदान तसं दिसत तरी होतं. स्वतःच्या लेकराचं तोंड असं बंद करावं लागलं याची मियोकला शरम वाटली, आणि शरमेपेक्षा भीती मोठी होती.

"आता सोमवारीही सांगायचं नाही म्हणाल तर बघा," ती नवऱ्याच्या कानाशी म्हणाली.

"हळू बोल. वलसुन ताईंचे कान बघितलेस का? घोड्याचे आहेत."

मूळ झाड मागच्या आवारात होतं. भोवती दोरी होती, आणि लोकांना पाच-पाचच्या गटानं दोरीच्या आत सोडत होते. त्याच्या मागे, हाताच्या अंतरावर, नव्या कलमांच्या रांगाच रांगा होत्या. या झाडाच्या काड्यांपासून केलेली ही रोपं हिवाळा संपता संपता चारशे घरी जातील, असं शिनबाई सांगत होत्या. झाड तसं काही देखणं नव्हतं. खोड वाकडं, एक फांदी टेकूवर. पण पोंगसिक म्हाताऱ्यानं त्याच्यापुढं जाऊन टोपी काढली आणि कमरेतून वाकून नमस्कार केला.

"मुली खुशाल आहेत बरं का," तो झाडाला म्हणाला. "यंदा फळ मोठं धरलंय."

वलसुनला हसू आवरेना. शिनबाईंनाही हसू आलं, त्यांनी फोटो काढायला फोन वर केला. आणि तेवढ्यात म्हाताऱ्याची नजर टेकूवरच्या फांदीतून सरळ वर निघालेल्या एका माजोरड्या कोंबाकडे गेली. पन्नास वर्षं बागेत काढलेल्या माणसाला असा कोंब दिसला की तो विचार करत नाही. डोळ्यात कुसळ गेलं की हात जातो, तसा त्याचा हात कोटाच्या आत कमरेला गेला, कात्री बाहेर आली, कच्च आवाज झाला आणि कोंब खाली पडला.

खिळ्यावरची कात्री. लाल मुठीची, एका मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली.

मियोकनं नवऱ्याकडे पाहिलं. सांगदोनंही कात्री ओळखली होती, त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. पण त्यानं मान हलवली. अगदी थोडीशी, डावीकडून उजवीकडे. बोलू नकोस.

"अहो आजोबा!" शिनबाई ओरडल्या, पण रागानं नाही. "आमच्या झाडाला कात्री लावायची नाही हं. सवय जात नाही ना?"

"कोंब सावली धरत होता," म्हातारा खजील होऊन म्हणाला. "माफ करा. हातानं केलं, मी नाही केलं."

लोक हसले. झालं, एवढ्यावर मिटलं असतं. पुढचा गट दोरीपाशी येऊन थांबला होता. म्हाताऱ्यानं कात्री कोटात सरकवली. शिनबाईंनी पडलेला कोंब उचलला. मियोक बघत होती ती कापलेली जागा, टिचभर, ओली, हिरवी. तिच्या डोक्यात आकडे फिरायला लागले. एक झाड. मागे रांगा. चारशे घरं. प्रत्येक घरी एक मियोक सकाळी पानं खुडायला जाणार. आणि दुसऱ्या बाजूला त्यांची स्वतःची बाग, तीन पोकलेन, चुना, आणि टोपी घालून फाटकापर्यंत जाणारा हा म्हातारा. बोललं तर घर जातं. गप्प बसलं तर कोणाकोणाचं जातं ते कधी कळणारही नाही. असं भय तिला बाळंतपणातही वाटलं नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. मग ती ओरडली, "थांबा! त्या झाडाला कुणी हात लावू नका!"

सगळे वळले. सांगदोनं तिचं मनगट धरलं. "हिला ऊन लागलंय," तो घाईघाईनं म्हणाला. "सकाळपासून पोटात काही नाही हिच्या."

"त्या कात्रीनं आज सकाळी आमच्या बागेतला शेंडा कापलाय," मियोक म्हणाली. "काळा. वाकलेला. थेंब होता त्याच्यावर."

शिनबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला नाही. त्यांनी हातातला कोंब पिशवीत टाकला, पिशवीचं तोंड बांधलं, आणि फोनवर दोनच वाक्यं बोलल्या. पाच मिनिटांत दोरीच्या जागी पिवळी पट्टी आली, माणसं बाहेर निघाली, हारिमला एक परिचारिका रस द्यायला म्हणून घेऊन गेली. झाडाची ती फांदी तिथल्या तिथं, कापल्या जागेपासून दोन हात खाली, करवतीनं उतरवली. झाड वाचेल की नाही ते तपासणीनंतर सांगू, एवढंच शिनबाई म्हणाल्या. म्हातारा तो करवतीचा आवाज ऐकत उभा होता.

मग चौघांना एका लहान खोलीत नेलं. बूट काढून घेतले, कोट काढून घेतला, कात्री एका डब्यात गेली. वलसुनचे बूटही गेले. "मी काय केलंय? मी तर रस प्यायला आले होते," ती कुरकुरली. तिच्या तिन्ही पिशव्या दाराबाहेर राहिल्या.

शिनबाई समोर कागद घेऊन बसल्या. वयानं मियोकपेक्षा लहानच असाव्यात. "किती शेंडे?" त्यांनी विचारलं.

"एक," मियोक म्हणाली. "एकच दिसला. आज सकाळी."

"आणि ती कात्री त्यानंतर पुसली नाही?"

"नाही," सांगदो म्हणाला. आता तो खाली बघत होता. "मी तशीच टांगली. बाबा ती घेऊन येतील हे माझ्या ध्यानातच आलं नाही. चूक माझी आहे."

"असं कसं?" म्हातारा एकदम म्हणाला. "रात्रीच तर मी ती पुसून ठेवली होती!"

बाहेर ध्वनिक्षेपकावर कुणीतरी आजचा कार्यक्रम थांबवल्याचं सांगत होतं.

"कशासाठी पुसली होती, आजोबा?" शिनबाईंनी हळू आवाजात विचारलं.

म्हाताऱ्यानं सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे. "नऊ शेंडे," तो म्हणाला. "आजचा धरून दहा. फुलं गळून गेल्यावर पहिला दिसला. पाचव्या ओळीत. मग रोज तुमच्या आधी उठून मी फिरायचो. दिसला की कापायचा आणि पुरायचा. कापला की कात्री पुसायची. मी बेपर्वाई केली नाही हो, बाई. प्रत्येक वेळी पुसली."

"कशानं पुसायचात?"

"सोजूनं. चांगला भरपूर ओतून."

शिनबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजोबा," त्या म्हणाल्या, "सोजूत तेवढा दम नसतो."

म्हातारा ऐकत राहिला. दारू ती दारू, कीड मारणार नाही तर काय करेल, असंच त्याला वाटत आलं होतं, आणि गावात विचारलं असतं तर आणखी दहा जणांनी तेच सांगितलं असतं. मियोकला त्याचा राग आला, भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी त्याच्या गुडघ्यांवर ठेवलेले ते काळे हात बघून रडूही आलं. एका घरात राहून तीन माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती. आता लपवायला काही उरलं नाही, बाग गेली, वाईटात वाईट काय ते होऊन गेलं, असं तिला वाटलं, आणि तेवढ्यापुरता तिचा श्वास मोकळाही झाला.

"आता शेवटचा प्रश्न," शिनबाईंनी दुसरा कागद ओढला. "फुलं गळाल्यापासून तुम्ही दुसऱ्या कुणाच्या बागेत कामाला गेला होता का?"

मियोक मनातल्या मनात दिवस मोजू लागली.

मे महिना. फळं विरळायचे दिवस. मजूर मिळत नाहीत, म्हणून सगळं बामगोल सावडीनं काम करतं. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे, परवा तिच्याकडे. बायका शिड्यांवर चढून फळं खुडतात, आणि खाली म्हातारे आपापल्या कात्र्या घेऊन वाढीव कोंब काढत फिरतात. आपली कात्री सोडून दुसऱ्याची कात्री म्हातारे हातात धरत नाहीत. पंधरा दिवस हेच चाललं होतं.

"नाही," सांगदो म्हणाला. "यंदा आम्ही आमचंच केलं."

शिनबाईंनी लिहायला पेन टेकवलं. म्हाताऱ्यानं डोळे मिटले होते. आणि मोजे घातलेले पाय स्टुलाच्या दांडीवर ठेवून बसलेली वलसुन एकटक मियोककडे बघत होती. तिला सगळं समजलं होतं. तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. तिची दोनशेवर झाडं होती, आणि नवरा गेल्यापासून त्या झाडांशिवाय तिचं कुणी नव्हतं.

"मियोक," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता, वलसुनचा वाटतच नव्हता. "बारा तारखेला तुम्ही सगळी माझ्याकडे आला होता. तेव्हा दादांच्या हातात कोणती कात्री होती गं?"

दुसरी होती असं म्हणायचं फक्त. एक शब्द. वलसुनलाही तोच ऐकायचा होता, हे मियोकला दिसत होतं. लग्न करून आलेल्या पोरीला जिनं शिडीवर उभं राहायला शिकवलं, घोसातलं कोणतं फळ ठेवायचं ते बोटानं दाखवलं, ती बाई तिच्याकडे त्या एका शब्दासाठी बघत होती.

"हीच होती, अक्का," मियोक म्हणाली.

वलसुननं मान खाली घातली. ती ओरडेल, अंगावर धावून येईल, निदान शिवी तरी देईल, म्हणून मियोक वाट बघत राहिली. वलसुननं आपले दोन्ही तळहात उताणे करून पाहिले आणि मग मांडीखाली दाबून धरले.

"लिहा बाई," ती शिनबाईंना म्हणाली. "बामगोल, वलसुन, दोनशे दहा झाडं." मग तिनं मियोककडे न बघता विचारलं, "आणि तेरा तारखेला माझ्या घरून आपण सगळी पलीकडच्या घरच्या उल्जिनवालीकडे गेलो होतो, ते कोण सांगणार? चौदाला कुणाकडे गेलो? सांग ना, मियोक. तुझ्या लक्षात असतं सगळं."

मियोकनं सांगायला सुरुवात केली. एकामागून एक घरं. सहाव्या घराला शिनबाईंचा कागद संपला, आणि त्या उठून आणखी कागद आणायला गेल्या.